दोन टर्म पुरे, पण ठरवायचं कुणी?

या वेळच्या टपालात साताऱ्या-सांगलीकडून आलेल्या बऱ्याच पत्रांचा सूर एकच आहे. एकाच माणसाने एकाच खुर्चीत किती वर्षं बसावं, आणि त्याला उठवायचा अधिकार नक्की कुणाचा? कुणी अमेरिकेतल्या मतदानाबद्दल विचारलं आहे, कुणी जिल्हा बँकेबद्दल, कुणी गावातल्या दारू दुकानाबद्दल. प्रश्न वेगवेगळे असले तरी एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून एकत्रच घेतले.

मुलगी अमेरिकेत नॉर्थ डकोटात असते. तिथल्या लोकांनी मतदान करून ठरवलं, की ऐंशीच्या पुढच्या माणसाला दिल्लीत, म्हणजे त्यांच्या वॉशिंग्टनला, पाठवायचं नाही. त्याआधी पुष्कळ राज्यांनी ‘दोन-तीन टर्म झाल्या की बस’ असंही मतदान केलं होतं म्हणे. मग तीस-चाळीस वर्षं बसून असलेले खासदार तिथे अजून दिसतात कसे?
— एक वाचक, कराड

मतदान झालं, हे खरं. ११ जून २०२४ ला नॉर्थ डकोटाच्या मतदारांनी साधारण ६१ टक्के मतांनी राज्याच्या घटनेत वयाची अट घातली. मुदत संपते त्याच्या आदल्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत ज्याला ८१ पूर्ण होणार असतील, त्याने त्या राज्यातून खासदारकीला उभं राहायचं नाही. पण अशी अट केंद्राच्या खासदाराला लागू होते का, याचं उत्तर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच देऊन ठेवलं आहे, आणि ते ‘नाही’ असं आहे.

त्याचं कारण त्यांच्या राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात आहे. प्रतिनिधिगृहासाठी, म्हणजे त्यांच्या लोकसभेसाठी, वय किमान २५, नागरिकत्वाला ७ वर्षं आणि निवडणुकीच्या वेळी त्या राज्यात वास्तव्य. सिनेट या वरच्या सभागृहासाठी वय किमान ३०, नागरिकत्वाला ९ वर्षं आणि तेच वास्तव्य. प्रतिनिधीची मुदत २ वर्षं, सिनेटरची ६. किती वेळा निवडून यावं, याबद्दल चकार शब्द नाही.

लोकांना ते पटलं नव्हतं. १९९० मध्ये कोलोरॅडोने पहिल्यांदा आपल्या केंद्रीय खासदारांवर मुदतीचं बंधन घातलं. १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये १४ राज्यांत असे प्रस्ताव एकाच दिवशी मंजूर झाले. १९९५ पर्यंत आकडा २३ राज्यांवर गेला.

त्यात आर्कान्सासचा मसुदा मुद्दाम वाचण्यासारखा आहे. प्रतिनिधिगृहात तीन टर्म किंवा सिनेटमध्ये दोन टर्म झाल्या, की त्या माणसाचं नाव मतपत्रिकेवर छापायचं नाही, एवढंच त्यात होतं. उभं राहायला बंदी नव्हती. तिथे मतपत्रिकेवर न छापलेलं नाव हाताने लिहून मत देता येतं, ती वाट उघडी ठेवली होती. मसुदा लिहिणाऱ्यांचं म्हणणं असं, की ही पात्रतेची अट नाही, निवडणुकीच्या व्यवस्थेचा नियम आहे, आणि व्यवस्था ठरवणं राज्याच्या हातात असतं. न्यायालयाने ही चतुराई ओळखली. जे सरळ करता येत नाही ते आडवळणानेही करता येणार नाही, असं म्हणून २२ मे १९९५ ला ५ विरुद्ध ४ मतांनी नियम रद्द केला. खटल्याचं नाव यू. एस. टर्म लिमिट्स विरुद्ध थॉर्नटन. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांचा. खासदार राज्यातून निवडला जात असला तरी तो सगळ्या देशाच्या लोकांचा प्रतिनिधी असतो, त्यामुळे ५० राज्यांनी ५० वेगवेगळ्या अटी लावायच्या नाहीत, हे त्याचं सार. एका झटक्यात २३ राज्यांचे नियम निकालात निघाले.

विरोधी मत न्यायमूर्ती थॉमस यांनी लिहिलं. घटना गप्प असेल तिथे अधिकार राज्यांतल्या लोकांकडेच राहतो, असा त्यांचा युक्तिवाद. तो कच्चा नव्हता. एक मत इकडचं तिकडे गेलं असतं तर आज चित्र वेगळं असतं. नॉर्थ डकोटासारखे प्रस्ताव अजून येतात, ते न्यायालयाने पुन्हा विचार करावा या आशेवर.

राज्याच्या स्वतःच्या आमदारांवर मात्र ही आडकाठी नाही. तिथे १६ राज्यांत आमदारांना मुदतीची मर्यादा आहे आणि ती चालते.

हे असे प्रस्ताव मतदानाला येतात कसे? कुणीही उठून आणू शकतं का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

सगळीकडे नाही. सह्या गोळा करून थेट मतदानाला प्रस्ताव नेण्याची सोय २४ राज्यांत आहे. सुरुवात १८९८ मध्ये साउथ डकोटाने केली. केंद्राच्या पातळीवर अशी सोयच नाही, म्हणून तर खासदारांबद्दलचे प्रस्तावही राज्यांच्या मतपत्रिकेवरून यायला लागले आणि मग न्यायालयात अडकले.

नॉर्थ डकोटाचंच घेऊ. प्रस्ताव मांडणारी किमान २५ मतदारांची समिती लागते. मसुदा राज्याच्या सचिवाकडे द्यायचा, तिथे त्याचं शीर्षक ठरतं. पुष्कळ राज्यांत पहिली मारामारी इथेच होते, कारण पाच पानी मसुदा मतदार वाचत नाही, तो शीर्षक वाचून शिक्का मारतो. मग सह्या. साध्या कायद्यासाठी राज्याच्या लोकसंख्येच्या २ टक्के, घटनेतल्या बदलासाठी ४ टक्के. म्हणजे घटनेच्या बदलाला ३१,१६४ सह्या. मुदत एक वर्षाची, आणि कागद निवडणुकीच्या किमान १२० दिवस आधी जमा झाले पाहिजेत. कॅलिफोर्नियात हिशोब गव्हर्नरच्या, म्हणजे तिथल्या निवडून येणाऱ्या राज्यप्रमुखाच्या, मागच्या निवडणुकीत पडलेल्या मतांवर असतो, कायद्याला ५ टक्के आणि घटनेला ८. फ्लोरिडात तर सह्या जमूनही घटनाबदलाला ६० टक्के मतं लागतात, साध्या बहुमताने भागत नाही.

प्रस्ताव मरतो तो बहुधा मतपेटीत नाही, कागदांच्या छाननीत. सही घेणाऱ्याने प्रत्येक सही डोळ्यांसमोर झाल्याचं शपथपत्र नोटरीपुढे करायचं असतं. २०२२ मध्ये नॉर्थ डकोटातच राज्याच्या आमदारांवर आणि गव्हर्नरवर मर्यादा घालणारा प्रस्ताव आला. ४६ हजारांवर सह्या जमा झाल्या, म्हणजे गरजेच्या जवळजवळ दीडपट. सचिवांनी त्यांतल्या साधारण १७ हजारच धरल्या. एका नोटरीच्या काही कागदांवर संशय आला म्हणून त्याने साक्षांकित केलेले सगळे गठ्ठे बाद केले होते. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. काही कागदांवरच्या संशयापायी सगळ्या सह्या बाद करता येणार नाहीत, असं न्यायालयाने सांगितलं आणि प्रस्ताव मतपत्रिकेवर आला. नोव्हेंबरमध्ये तो ६३ टक्के मतांनी पासही झाला.

बाकीच्या चुका नेहमीच्याच. मतदार नसलेल्याची सही, एकाच माणसाची दोनदा सही, पत्ता जुना, तारीख राहिली, एका मसुद्यात दोन वेगळे विषय कोंबले. सही करणाऱ्याचं अक्षर लागत नाही हे कारणही छाननीत चालतं. म्हणून तिथली अनुभवी माणसं गरजेपेक्षा तिसरा हिस्सा तरी जास्त सह्या घेतल्याशिवाय कार्यालयाची पायरी चढत नाहीत.

१९९५ च्या निकालानंतर लोक गप्प बसले?
— एक वाचक, तासगाव

छे. निकाल यायच्या आधीच एक गंमत झाली होती. वॉशिंग्टन राज्यातून निवडून येणारे टॉम फोली तेव्हा प्रतिनिधिगृहाचे अध्यक्ष होते. आपल्याच राज्याच्या मतदारांनी केलेल्या मुदतमर्यादेविरुद्ध ते कोर्टात गेले. १९९४ च्या निवडणुकीत विरोधकाने नेमकं तेवढंच धरलं, ‘हे स्वतःच्या मतदारांवर दावा लावतात’, आणि फोली पडले. पदावरचा अध्यक्ष पडण्याची ती १८६२ नंतरची पहिली वेळ. त्यांना पाडणारे जॉर्ज नेदरकट ‘मी तीनच टर्म’ असा शब्द देऊन गेले होते. तिसरी टर्म संपत आली तेव्हा शब्द फिरवून २००० मध्ये पुन्हा उभे राहिले आणि निवडूनही आले. मर्यादेसाठी एकाला पाडणाऱ्या मतदारांनी मर्यादा मोडणाऱ्याला जवळ केलं.

मार्च १९९५ मध्ये, निकालाच्या थोडं आधी, प्रतिनिधिगृहात मुदतमर्यादेच्या घटनादुरुस्तीचा प्रस्ताव आला, २२७ विरुद्ध २०४ मतं पडली. बहुमत झालं, पण लागत होतं दोन तृतीयांश.

मग १९९६ मध्ये मिसुरी आणि आणखी काही राज्यांनी वेगळी शक्कल लढवली. आमचा खासदार घटनादुरुस्तीसाठी झटला नाही, तर मतपत्रिकेवर त्याच्या नावाशेजारी ठळक अक्षरांत छापायचं, ‘मुदतमर्यादेबाबत मतदारांच्या सूचनेकडे दुर्लक्ष केले’. नव्या उमेदवाराने शपथ घेतली नाही तर त्याच्या नावापुढेही तसाच शेरा. २००१ मध्ये कुक विरुद्ध ग्रालाइक या खटल्यात हेही रद्द झालं. मतपत्रिका सरकार छापतं, त्यावर एखाद्या उमेदवाराच्या कपाळी शेरा मारणं म्हणजे निकालात हात घालणं, असं न्यायालयाचं म्हणणं. इथे न्यायमूर्तींमध्ये फूट नव्हती.

आता उरला राजरस्ता. दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश, किंवा ३४ राज्यांच्या विधिमंडळांनी मागणी करून बोलावलेलं अधिवेशन, आणि त्यानंतर ३८ राज्यांची मंजुरी. आजवरच्या २७ दुरुस्त्यांपैकी एकही अधिवेशनाच्या वाटेने सुचवली गेलेली नाही. राष्ट्राध्यक्षाला दोन टर्मची मर्यादा आहे, ती १९५१ च्या २२ व्या दुरुस्तीने आली. ती संसदेनेच सुचवली होती, आणि सुचवणाऱ्यांच्या स्वतःच्या खुर्चीला तिने हात लावला नव्हता!

आपल्या खासदार-आमदारांना दोन टर्मची मर्यादा घालता येईल का? आमच्या ग्रामसभेने तसा ठराव केला तर?
— वाचक मंडळी, विटा

घालता येईल, आणि गंमत म्हणजे अमेरिकेपेक्षा आपल्याकडे ते कागदावर सोपं आहे. आपल्या घटनेच्या कलम ८४ मध्ये खासदाराच्या पात्रतेच्या अटी दिल्यावर शेवटी एक दार उघडं ठेवलं आहे: संसद कायद्याने ठरवील अशा इतर अटी. कलम १०२ मध्ये अपात्रतेबद्दलही तसंच. आमदारांसाठी कलम १७३ आणि १९१ आहेत, पण तिथेही कायदा संसदेचाच लागतो, विधानसभेचा नाही. महाराष्ट्राच्या विधानसभेने एकमताने ठरवलं तरी ती स्वतःच्या आमदारांना दोन टर्मची अट घालू शकत नाही. संसदेने मात्र लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मध्ये साध्या बहुमताने दुरुस्ती केली तरी पुरे. एका माणसाने दोनपेक्षा जास्त मतदारसंघांतून अर्ज भरू नये, हे बंधन १९९६ मध्ये अशाच साध्या दुरुस्तीने आलं. कुणी न्यायालयात गेलं तर काय होईल हा पुढचा भाग. पण ज्यांच्यावर मर्यादा घालायची तेच हात वर करणार, ही अडचण कुठल्याच कायद्याने सुटत नाही.

तुमच्या ग्रामसभेचा ठराव कायद्याने कुणाला बांधत नाही. उमेदवारी अर्ज तपासताना निवडणूक निर्णय अधिकारी तो बघणारही नाही. २०२४ च्या विधानसभेनंतर कराड तालुक्यातल्या कोळेवाडीने यापुढे मतदान मतपत्रिकेवर घ्यावं, असा ग्रामसभेत ठराव केला. त्याने यंत्रं बदलली नाहीत. जतच्या पूर्व भागातल्या गावांचे कर्नाटकात जाण्याचे ठराव आठवा. त्याने गावं कर्नाटकात गेली नाहीत, जाऊ शकतही नव्हती, कारण राज्यांच्या सीमा बदलणं संसदेचं काम. पण २०२२ च्या अखेरीस त्या ठरावांवरून गदारोळ उठला तेव्हा म्हैसाळच्या विस्तारित पाणी योजनेच्या फायली हलल्या. ठरावाचा उपयोग असा असतो. तो नियम होत नाही, पण दडपण आणतो.

करायचाच असेल तर नीट करा. ग्रामसभेला गणपूर्ती लागते, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांत जो आकडा कमी असेल तो. विषय आधी विषयपत्रिकेवर घ्यायला लावा. ‘आयत्या वेळचे विषय’ यात घुसवलेला ठराव पुढे कुणी मोजत नाही. इतिवृत्तात सूचक, अनुमोदक आणि हजेरी आली पाहिजे. आणि ठराव कुणाला पाठवायचा ते त्यातच लिहा. लोकसभेकडे रीतसर याचिका करता येते, खासदाराने प्रतिस्वाक्षरी करून ती सभागृहात मांडायची असते, पुढे ती याचिका समितीकडे जाते. तुमचेच खासदार खाजगी विधेयकही आणू शकतात. आशा मात्र बेताची ठेवा. स्वातंत्र्यानंतर अशी १४ विधेयकंच कायदा झाली आणि शेवटचं १९७० मध्ये.

मग निदान सरपंचाला तरी?
— एक वाचक, फलटण

तिथे राज्याचा हात पोहोचतो. पंचायतीच्या सदस्यत्वाला अपात्रता ठरवण्याचा अधिकार कलम २४३-च ने राज्याच्या विधिमंडळालाही दिला आहे. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं तर सदस्यत्व जातं, हा नियम त्याच अधिकारातला, आणि हरियाणातला तसाच नियम सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये टिकवला. म्हणजे मुंबईने ठरवलं तर दोन टर्मची अट सरपंचाला उद्या लागू शकते.

आरक्षणाची सोडत आणि फिरता क्रम यामुळे अर्धी मर्यादा तर आजच आहे. एकाच माणसाला लागोपाठ खुर्ची मिळणं अवघड होतं. खुर्चीत बाई आणि ग्रामपंचायतीत फायली चाळणारे तिचे यजमान, हा प्रकार त्या मर्यादेला मारलेली बगल आहे.

मध्येच काढायचं असेल तर अविश्वास ठराव. थेट निवडून आलेल्या सरपंचावर तो पहिल्या दोन वर्षांत आणि मुदतीच्या शेवटच्या सहा महिन्यांत आणता येत नाही. नोटीस तहसीलदारांकडे द्यायची, त्यांनी सात दिवसांत विशेष सभा बोलवायची. सदस्यांच्या तीन चतुर्थांश मतांनी ठराव झाला तरी सरपंच जात नाही. त्यावर विशेष ग्रामसभेत गुप्त मतदान होतं आणि गाव ‘हो’ म्हणालं तरच. सदस्य फोडणं सोपं असतं, गाव फोडणं नाही, म्हणून ही पायरी ठेवली आहे.

तुमचं स्वतःचं मत काय? मर्यादा असावी का?
— एक वाचक, आटपाडी

तुमच्या शिवेला लागूनच सांगोला आहे. गणपतराव देशमुख एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षाच्या झेंड्यावर ११ वेळा आमदार झाले. १९६२ मध्ये पहिल्यांदा निवडून आले. दोन टर्मचा नियम असता तर १९७२ लाच त्यांचा विषय संपला असता. आणि १९७२ व १९९५ मध्ये मतदारांनी त्यांनाही घरी बसवलंच होतं. नियम लागला नाही, मतदान पुरलं.

अमेरिकेतल्या राज्यांचा अनुभवही बघा. आमदार नवखे राहिले की सभागृहातलं वजन गव्हर्नरकडे, मुरलेल्या सचिवांकडे आणि कंपन्यांच्या मध्यस्थांकडे सरकतं, असं तिथल्या अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा नोंदवलं आहे. अर्थसंकल्प वाचायला शिकेपर्यंत माणसाची मुदत संपते. कॅलिफोर्नियाने आधी एका सभागृहात ६ आणि दुसऱ्यात ८ वर्षं अशी मर्यादा घातली होती. २०१२ मध्ये मतदारांनीच ती बदलून एकूण १२ वर्षं केली, पण ती सगळी एकाच सभागृहात काढायची मुभा दिली. मिशिगननेही २०२२ मध्ये १२ वर्षांचाच हिशोब धरला. मर्यादा ठेवली, पण माणसाला काम शिकायला वेळ दिला.

आमचं मत असं, की ज्याला हजारो लोक उघडपणे पाडू शकतात त्याला मर्यादेची फारशी गरज नाही. मर्यादा लागते ती जिथे मतदार मूठभर, ओळखीचे आणि उपकाराखाली असतात तिथे. म्हणजे कुठे, ते पुढच्या प्रश्नात आहे.

सहकारी बँकेत वर्षानुवर्षं तेच संचालक असतात. त्यांना काही मर्यादा आहे का? आणि कारखान्यात?
— एक सभासद, कोरेगाव

बँकेत आहे, आणि बऱ्याच सभासदांना ती माहीतच नाही. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम १०-अ मध्ये संचालकाने सलग ८ वर्षांपेक्षा जास्त काळ पदावर राहू नये अशी अट होती. २०२० च्या दुरुस्तीने ती सहकारी बँकांनाही लागली. २०२५ च्या दुरुस्तीने सहकारी बँकांपुरती ती ८ ऐवजी १० वर्षं केली, १ ऑगस्ट २०२५ पासून. संचालक मंडळाची मुदत पाच वर्षांची असल्याने दोन पूर्ण टर्म बसाव्यात, हा त्यामागचा हिशोब. अध्यक्ष आणि पूर्णवेळ संचालक यांना ही मर्यादा नाही, हे भलंमोठं भगदाड आहे. दुसरं म्हणजे शब्द ‘सलग’ आहे, जन्मभराची बंदी नाही.

जिल्हा मध्यवर्ती बँक आणि नागरी सहकारी बँक या दोन्ही यात येतात. विकास सोसायटी येत नाही, पतसंस्था येत नाही, साखर कारखाना येत नाही. कारखान्याच्या मंडळाची मुदत पाच वर्षांची असते आणि निवडणूक पुन्हा लढवायला कितव्यांदा याचं बंधन नाही.

आपल्या बँकेतली स्थिती तपासायची असेल तर वार्षिक सभेत माईक हिसकावण्याची गरज नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चं कलम ३२ वापरा. सभासदाला कायदा, उपविधी, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, समिती सदस्यांची यादी आणि सर्वसाधारण सभा व समितीच्या सभांची इतिवृत्तं कार्यालयीन वेळेत विनाशुल्क बघता येतात. फी भरून लेखी मागितल्यास प्रती एक महिन्यात द्याव्या लागतात. अर्जात ‘संचालकांची माहिती द्यावी’ असं मोघम लिहू नका, त्याला मोघमच उत्तर येतं. ‘प्रत्येक निवडणुकीनंतरच्या पहिल्या समिती सभेचं इतिवृत्त’ असं नेमकं मागा. सलग किती वर्षं झाली ते त्या कागदांवरून तुम्हालाच मोजता येतं. मध्ये कुणी राजीनामा देऊन परत आलं असेल, स्वीकृत म्हणून बसलं असेल, तेही त्यातच दिसतं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. नकार आला किंवा महिना उलटला, तर जिल्हा उपनिबंधकांकडे त्या प्रतीसह तक्रार.

अमेरिकेसारखं सह्या गोळा करून मतदान, असं आपल्याकडे काहीच नाही का?
— महिला बचत गट, पाटण तालुका

आहे की. उभी बाटली, आडवी बाटली! २००८ च्या शासन आदेशाने गावातलं परवानाधारक दारू दुकान मतदानाने बंद करता येतं. सह्या, छाननी, गुप्त मतदान, सगळं तसंच.

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, राज्य उत्पादन शुल्कच्या अधीक्षकांमार्फत. त्यावर गावातल्या महिला मतदारांपैकी किमान २५ टक्के सह्या हव्यात. विभागाचे लोक गावात येऊन सह्यांची पडताळणी करतात. त्यानंतर मतदानाची तारीख लागते आणि महसूल खात्याचे कर्मचारी मतदान घेतात. मतपत्रिकेवर दोनच चित्रं. आडवी म्हणजे दुकान बंद, उभी म्हणजे चालू. प्रचारात शब्दांऐवजी चित्रच दाखवा.

आता तुमच्या तालुक्याची खरी अडचण. बंदीसाठी झालेल्या मतदानाच्या निम्मी मतं पुरत नाहीत, एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त लागतात. समजा गावात ८४० महिला मतदार आहेत. अर्जाला २१० सह्या पुरतात, पण दुकान बंद करायला ४२१ मतं हवीत. पाटण, जावळीतली अर्धी घरं मुंबईला. त्यांची नावं गावच्या यादीत तशीच असतात. समजा अशा १५० बायका बाहेर आहेत. राहिल्या ६९०. त्यांच्यातल्या ४२१ म्हणजे दहांतल्या सहांहून जास्त जणींनी येऊन आडव्या बाटलीवर शिक्का मारायचा. न आलेलं प्रत्येक मत उभ्या बाटलीच्या पदरात पडतं. दुकानदाराला म्हणून प्रचार करावाच लागत नाही, बायकांनी घरी राहावं एवढंच तो बघतो.

तेव्हा अर्जाच्या आधी मतदार यादी हातात घ्या. वारलेल्या बायकांची नावं, लग्न होऊन गेलेल्या मुलींची, दोनदा आलेली, ही सगळी रीतसर अर्ज भरून कमी करून घ्या. यादीतलं एक मेलेलं नाव कमी झालं की लागणाऱ्या मतांचा आकडा अर्ध्या मताने खाली येतो. नव्या सुनांची नावं माहेरच्या यादीतून इकडे आणून घ्या. सही घेताना यादीतला अनुक्रमांक शेजारी लिहाच, पडताळणीत तोच कामाला येतो. अंगठा असेल तर शेजारी नाव लिहून दुसरीची साक्ष घ्या. सासूने सुनेची सही करायची नाही, अशा सह्या पडताळणीत उडतात आणि उरलेल्यांवरही संशय येतो. २१० लागत असतील तर २८० तरी घ्या. गावच्या जत्रेच्या सुमारास मुंबईकर घरी असतात, तारीख त्या दिवसांत मागा. माण, खटाव, जत, आटपाडीकडच्या गटांनी ऊसतोडीचा हंगाम टाळावा, तेव्हा टोळ्या बाहेर असतात.

हातभट्टीला हा मार्ग नाही. ती मुळातच बेकायदा, तिच्यासाठी मतदान कशाला? ती पोलीस आणि उत्पादन शुल्कची जबाबदारी, तिथे तक्रारच करायची.

मुलगा अमेरिकेत ग्रीन कार्डवर आहे. बाजाराच्या दारात अशा प्रस्तावावर सही मागतात म्हणतो. करावी का?
— एक पालक, मिरज

करू नये. ग्रीन कार्ड म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, नागरिकत्व नव्हे. बहुतेक राज्यांत सही फक्त नोंदणीकृत मतदाराची चालते. नॉर्थ डकोटात मतदार नोंदणीच नाही, तिथे नागरिकत्व, १८ वर्षं वय आणि आपल्या मतदान विभागात ३० दिवस वास्तव्य पाहतात. सहीच्या कागदावर ‘मी पात्र मतदार आहे’ असा मजकूर असतो. नागरिक नसताना त्याखाली सही केली तर प्रस्तावाची एक सही बाद होईल, ते राहू द्या. पण आपण नागरिक आहोत असं खोटं सांगितल्याचा ठपका पुढे नागरिकत्वाच्या अर्जाच्या वेळी आडवा येऊ शकतो. मतदानाच्या फॉर्मबद्दलही तेच. वाहन परवाना काढताना खिडकीवर ‘मतदार नोंदणी करायची का’ असं विचारतात, तिथे ‘नाही’ म्हणायचं.